ट्रॉयच्या तटाखाली बरगंडीचे सरदार

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सुमारे चार मीटर उंच आणि सात मीटरांहून अधिक रुंद असा एक विणलेला पट आहे. त्याचा विषय ट्रॉयचे युद्ध, म्हणजे प्राचीन कथेत ग्रीकांनी ट्रॉय शहराशी केलेली लढाई, हा आहे. अ‍ॅमेझॉन या स्त्री-योद्ध्यांची राणी पेंथेसिलिया ट्रॉयचा वृद्ध राजा प्रायम याच्यापुढे गुडघे टेकून मदत देऊ करते, मग ती रणात उतरते, आणि याच पटावर, मारल्या गेलेल्या ग्रीक वीर अकिलीसचा मुलगा पिऱ्हस बापाची शस्त्रे अंगावर चढवतो. माणसे आणि घोडे इतके दाटीने विणले आहेत की मोकळी जमीन जवळपास दिसतच नाही. मात्र या गर्दीत एकही माणूस ग्रीक वाटत नाही. सगळ्यांच्या अंगावर पंधराव्या शतकातील युरोपीय सरदारांची पोलादी चिलखते आहेत, आणि मागे दिसणाऱ्या शहराचे बुरूज व मनोरे उत्तर युरोपातील त्या काळच्या नगरांसारखे आहेत.

हे पाहून चित्रकाराला इतिहास ठाऊक नव्हता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निम्माच बरोबर आहे. प्राचीन युद्धांची फ्लेमिश टॅपेस्ट्री समजून घ्यायची असेल, तर ती कशी विणली जात असे, तिचे पैसे कोण देत असे आणि कथा कोणत्या पुस्तकांतून येत असे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. त्या पाहिल्या की चिलखतांचे कोडे आपोआप उलगडते.

आधी विणकामाचा विचार करू. टॅपेस्ट्री म्हणजे चित्र काढलेले किंवा भरतकाम केलेले कापड नव्हे. तिच्यात कापड आणि चित्र एकाच वेळी तयार होतात, म्हणून तिला विणचित्र म्हणणे योग्य ठरेल. मराठी वाचकाला हे समजणे खरे तर सोपे आहे, कारण पैठणीच्या पदरावरचा मोर याच तत्त्वाने विणला जातो. बाण्याचा धागा कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जात नाही. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या आकृतीच्या हद्दीपर्यंत जातो आणि तिथून मागे वळतो. फरक असा की पैठणीत शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवले जातात, तर फ्लेमिश विणकर पुष्कळदा तसे करत नसे. त्यामुळे दोन रंगांच्या हद्दीवर बारीक फट राहत असे आणि ती नंतर सुईदोऱ्याने शिवून घेतली जात असे. कुशल विणकर त्या फटीचाही उपयोग करून घेई. चिलखताची कड किंवा हाताच्या बोटांमधली रेघ तिच्या सावलीनेच उठून दिसे. (जाता जाता सांगायचे तर, १०६६ च्या युद्धाचे प्रसिद्ध ‘बायो टॅपेस्ट्री’ हे नाव चुकीने रूढ झाले आहे, ते लिननच्या कापडावर केलेले भरतकाम आहे.)

ताणा सहसा लोकरीचा असे आणि तो पूर्ण झाकला जाई; दिसतो तो फक्त बाणा. बाण्यात लोकर, चमक आणण्यासाठी रेशीम, आणि गिऱ्हाईक श्रीमंत असेल तर सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची पट्टी गुंडाळलेला धागा, म्हणजे आपल्या जरीचाच एक प्रकार, वापरला जाई. लाल रंग मंजिष्ठाच्या कुळातील वनस्पतीच्या मुळांपासून, पिवळा वेल्ड नावाच्या रोपापासून आणि निळा वोड या निळीसारख्या वनस्पतीपासून मिळे. हिरवा करायचा तर निळ्यावर पिवळा चढवावा लागे. वेल्डचा पिवळा उजेडात सर्वांत आधी उडतो आणि त्याखालचा निळा उरतो. जुन्या विणचित्रांतील झाडे आणि गवत आज निळसर दिसण्याचे कारण हेच आहे. ती त्या काळची शैली नव्हती.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना सहसा जाणवत नाही. हे पट आडवे विणले जात. मागावर असताना चित्रातील माणसे कुशीवर झोपलेली असत, आणि काम संपल्यावर पट वळवून भिंतीवर टांगला की ती उभी राहत. यामुळे चित्राची उंची मागाच्या रुंदीइतकी ठेवून लांबी हवी तेवढी वाढवता येई. पण भिंतीवर टांगल्यावर पटाचा सगळा भार मजबूत ताण्यावर न पडता नाजूक बाण्यावर आणि शिवलेल्या फटींवर येई. विणचित्र शतकानुशतके स्वतःच्याच वजनाने फाटत जाते ते त्यामुळे.

मध्यम प्रतीचा, सुमारे साडेचार मीटर उंच आणि सव्वासात मीटर रुंद पट विणायला पाच विणकरांना आठेक महिने लागत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अतिशय तलम कामाला याच्या दुप्पट वेळ लागू शके. युद्धकथांचे संच आठ-दहा किंवा त्याहून अधिक पटांचे असत. म्हणजे एका संचासाठी काही वर्षांची मजुरी, लोकर, रेशीम आणि धातू यांत पैसा अडकवून ठेवावा लागे. हे काम एकट्या विणकराच्या आवाक्यातले नव्हते. त्यासाठी मोठे भांडवल असलेला व्यापारी लागे.

असा व्यापारी म्हणजे तुर्ने शहरातील पास्किए ग्रेनिए. (तुर्ने तेव्हा फ्रान्सच्या राजाच्या अखत्यारीत होते आणि ब्रुसेल्स ब्राबांट या प्रांतात होते, काटेकोरपणे पाहिले तर दोन्ही शहरे फ्लँडर्समध्ये नव्हती. ‘फ्लेमिश’ हा शब्द या संदर्भात आजच्या बेल्जियमच्या आसपासच्या सगळ्या विणकामाला सरसकट लावला जातो.) पूर्व फ्रान्सपासून नेदरलँड्सपर्यंत पसरलेल्या बरगंडीच्या सत्तेचा ड्यूक फिलिप याने १४५९ मध्ये ग्रेनिएकडून सिकंदराच्या चरित्राचा संच ५,००० सुवर्णमुद्रांना घेतला. ट्रॉयच्या युद्धाचा ११ पटांचा संचही ग्रेनिएच्याच पेढीतून बाहेर पडला. ब्रूज शहर आणि त्याच्या आसपासचा परगणा यांनी १४७२ च्या सुमारास तो फिलिपचा मुलगा ड्यूक चार्ल्स याला भेट दिला. चित्रांचे पूर्ण आकाराचे नमुने जपून ठेवले की तोच संच पुन्हा विणता येई, आणि व्यापाराची खरी मेख तिथेच होती. ट्रॉयचा संच पुढे इंग्लंडचा सातवा हेन्री, हंगेरीचा राजा मात्याश आणि इटलीतील उर्बिनोचा फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो यांनीही घेतला. आज त्यातील चार पट स्पेनमधील सामोरा शहराच्या कॅथेड्रलमध्ये आहेत, लंडनचा पट याच मालिकेतला आहे, आणि मूळ आराखड्याची आठ छोटी रेखाचित्रे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. ही रेखाचित्रे आणि पूर्ण झालेले पट शेजारी ठेवून पाहता येतात, ही पंधराव्या शतकातील विणचित्रांच्या बाबतीत फारच दुर्मीळ संधी आहे.

आता कथेकडे वळू. ही मालिका होमरच्या महाकाव्यावरून केलेली नाही. पश्चिम युरोपात त्या काळी मूळ ग्रीक वाचणारे लोक जवळपास नव्हते. तिथे ट्रॉय ज्या पुस्तकांतून माहीत होते त्यांतील दोन महत्त्वाची होती: बाराव्या शतकात बनुआ द सँत-मोर याने फ्रेंचमध्ये लिहिलेले दीर्घकाव्य आणि १२८७ मध्ये ग्वीदो देल्ले कोलोन्ने याने पूर्ण केलेला त्याचा लॅटिन गद्यावतार. या पुस्तकांत ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर हा आदर्श सरदार आहे आणि लेखकांची सहानुभूती ट्रॉयच्या बाजूने आहे. युरोपातील अनेक राजघराणी, त्यांत फ्रान्सचेही, आपले मूळ ट्रॉयहून निसटलेल्या वीरांपर्यंत नेत असत, आणि बरगंडीचे ड्यूक हे त्याच फ्रेंच घराण्याची शाखा होते. तेव्हा ट्रॉयच्या तटाखाली लढणारे वीर आपल्यासारखे दिसावेत यात त्यांना काहीच विसंगत वाटत नव्हते. ते त्यांच्या लेखी पूर्वज होते, आणि पूर्वजांना आपल्या वंशजांची चिलखते शोभणारच.

वाचणाऱ्यांची सोयही विसरलेली नव्हती. पटाच्या वरच्या पट्टीत फ्रेंच आणि खालच्या पट्टीत लॅटिन पद्ये विणलेली असत, आणि गर्दीतील प्रमुख पात्रांची नावे त्यांच्या कपड्यांवर, तलवारींवर किंवा घोड्यांच्या साजावर घातलेली असत. एकाच पटावर एकच माणूस दोन-तीनदा येतो, कारण प्रसंग एकापुढे एक असे मांडलेले आहेत. आपल्याकडे चित्रकथीच्या पोथ्यांत प्रसंगागणिक चित्र बदलते. इथे प्रसंग बदलतो, पण चौकट तीच राहते, आणि डोळ्याला आपली वाट स्वतः काढावी लागते.

हे पट भिंतीची शोभा आणि थंडीपासून आडोसा यांसाठी होते, असे अनेकदा लिहिले जाते. ते खोटे नाही, पण फार अपुरे आहे. बरगंडीचा दरबार सतत फिरता असे आणि विणचित्र गुंडाळून गाडीवर घालता येई. भित्तिचित्राला ते शक्य नव्हते. १४६१ मध्ये अकरावा लुई फ्रान्सच्या गादीवर आला, तेव्हा ड्यूक फिलिपने पॅरिसमधील आपल्या वाड्यात सिकंदराचे आणि गिडियनचे पट टांगले आणि ते पाहायला लोकांची रीघ लागली. गिडियन हा बायबलमधील सेनानी, ज्याने मोजक्या माणसांनिशी मिद्यानी लोकांच्या प्रचंड सैन्याची दाणादाण उडवली. फिलिपने १४३० मध्ये स्थापन केलेल्या ‘सोनेरी लोकरी’च्या सरदारमंडळाचा मूळ आदर्श ग्रीक कथेतील जेसन होता, पण त्याने पत्नी मिडियाला दिलेला शब्द मोडला होता, तेव्हा लोकरीच्याच चमत्काराशी जोडलेला गिडियन जास्त सोज्वळ ठरला. नवा राजा आणि मातब्बर ड्यूक यांच्यात ताण असताना कोणत्या वीराचा पट कोणासमोर टांगायचा, हे राजकारण होते. माझ्या मते या सगळ्या कलेचे मर्म इथे आहे: ही प्राचीन युद्धाची चित्रे नव्हेत, तर प्राचीन युद्धाच्या नावाने विकत घेणाऱ्याची चित्रे आहेत.

ड्यूक चार्ल्सने हा प्रकार फारच मनावर घेतला. सिकंदराचे कर्तियस या रोमन लेखकाने लिहिलेले चरित्र वास्को द लुसेना या पोर्तुगीज विद्वानाने १४६८ मध्ये त्याच्यासाठी फ्रेंचमध्ये आणले. लुसेनाने जुन्या दंतकथांतील अचाट गोष्टींना त्यात थारा दिला नाही. पण वडिलांच्या काळातील सिकंदराच्या पटांच्या परंपरेत नेमक्या त्याच गोष्टी ठळक आहेत. आज जेनोआच्या पालात्सो देल प्रिंचिपे या राजवाड्यात असलेल्या दोन पटांवर सिकंदर पंखधारी ग्रिफिन प्राण्यांना जुंपलेल्या पिंजऱ्यात बसून आकाशात जातो आणि काचेच्या पिंपातून समुद्राच्या तळाशी उतरतो. चार्ल्सची स्वतःची मोहीम मात्र आकाशात गेली नाही. स्विस फौजांनी त्याला १४७६ मध्ये ग्रांसों आणि मुर्टेन येथे हरवले आणि १४७७ मध्ये नान्सीजवळ तो मारला गेला. बर्नच्या इतिहास संग्रहालयात आज ज्युलियस सीझरच्या जीवनाचे चार भव्य पट आहेत. ते मात्र या लढायांत स्विसांनी मिळवलेल्या लुटीतले नसून, बर्नने १५३६ मध्ये लोझानचा प्रदेश जिंकल्यावर तिथल्या कॅथेड्रलमधून आणलेले आहेत. सीझर त्यांत रुबिकॉन नदी ओलांडतो तो बरगंडीच्या दरबारी थाटातच.

सोळाव्या शतकात चित्र पालटले. इटलीत प्राचीन शिल्पे, नाणी आणि विजयस्तंभांवरील कोरीवकाम यांचा बारकाईने अभ्यास सुरू झाला आणि विणचित्रांचे नमुने इटालियन चित्रकार काढू लागले. विणकाम मात्र ब्रुसेल्समध्येच होई. राफाएलच्या चित्रशाळेत घडलेला जुलिओ रोमानो आणि त्याचा सहकारी पेन्नी यांच्या आराखड्यांवरून रोमन सेनापती स्किपिओ याच्या जीवनावरचा २२ पटांचा संच फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिससाठी १५३० च्या दशकात विणला गेला. त्यात इ.स.पू. २०२ मधील झामाची लढाई आहे, जिच्यात हॅनिबलचे हत्ती रोमन सैन्यावर चालून येतात. हत्ती हा विषय इटालियन चित्रकारांना पूर्णपणे अनोळखी नव्हता. पोर्तुगालच्या राजाने पोप दहावा लिओ याला भेट दिलेला, भारतातून आणलेला हॅनो नावाचा हत्ती १५१४ ते १५१६ या काळात रोममध्ये होता, आणि तो मेल्यावर राफाएलने त्याचे स्मारकचित्र केले होते.

या बदलातून एक तांत्रिक अडचणही उभी राहिली. ब्रुसेल्समध्ये आडव्या मागावर काम चाले. चित्राचा नमुना ताण्याखाली ठेवला जाई आणि विणकर पटाच्या उलट बाजूने विणत असे. त्यामुळे पूर्ण झालेले चित्र नमुन्याच्या आरशातील प्रतिमेसारखे येई. सैनिकाच्या उजव्या हातात तलवार हवी असेल तर चित्रकाराला ती डाव्या हातात द्यावी लागे. फ्लेमिश चित्रकार रुबेन्सने १६१६ मध्ये जेनोआच्या एका व्यापाऱ्याबरोबर, विणकर यान राएस आणि अँटवर्पचा व्यापारी फ्रान्स स्वेर्त्स यांच्या सहभागाने केलेल्या कराराचे फळ म्हणजे ‘डेसियस मुस’ हा संच. त्याचे नमुने त्याने कागदाऐवजी कॅनव्हासवर तैलरंगात केले, आणि ते आज लिश्टेनश्टाइनच्या राजघराण्याच्या संग्रहात आहेत. ते पाहताना हालचाली उलट्या वाटतात, याचे कारण ते मुळात पटासाठीच योजलेले होते.

रुबेन्सचा हा संच ट्रॉयच्या पटांशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. इ.स.पू. ३४० मध्ये लॅटिन लोकांशी युद्ध चालू असताना रोमचा कॉन्सल डेसियस मुस याला स्वप्न पडते की एका बाजूचे सैन्य आणि दुसऱ्या बाजूचा सेनापती मृत्यूच्या देवतांना अर्पण होणार आहेत. तो स्वतःला अर्पण करायचे ठरवतो, पुरोहिताकडून विधी करून घेतो आणि शत्रूच्या फळीत एकटा घोडा घालतो. लिव्ही या रोमन इतिहासकाराने या विधीचे बारीक वर्णन केले आहे: डोके वस्त्राने झाकलेले, हात हनुवटीला लावलेला, पाय भाल्यावर. रुबेन्स लॅटिन उत्तम जाणत होता आणि १६०० ते १६०८ अशी वर्षे इटलीत राहिला होता. त्याचे पुरोहित, ध्वज आणि शिरस्त्राणे रोमन अवशेष पाहूनच काढलेली आहेत. म्हणून ती अधिक ‘खरी’ आहेत असे म्हणता येईल का, याबद्दल मला शंका आहे. रोमन चिलखताच्या आतला पिळदार, हताश, आकाशाकडे पाहणारा माणूस सतराव्या शतकाचाच आहे. बदलली ती फक्त बाहेरची वस्त्रे.

या कलेचा एक धागा गोव्यापर्यंतही आलेला आहे. पोर्तुगीज गव्हर्नर झुआंव द कास्त्रू याने १५४६ मध्ये दीवचा वेढा उठवल्यावर १५४७ मध्ये गोव्यात प्रवेश केला तो प्राचीन रोमन सेनापतीच्या थाटात, मस्तकावर पानांचा मुकुट घालून. हे ऐकून पोर्तुगालची राणी कातारिना म्हणाली की तो जिंकला ख्रिस्ती माणसासारखा आणि मिरवला मूर्तिपूजकासारखा, असे सांगतात. ब्रुसेल्सच्या विणकरांनी त्याच्या पराक्रमाचा दहा पटांचा संच विणला. तो आज व्हिएन्नाच्या कला संग्रहालयात आहे. म्हणजे इथे उलटे घडले. ट्रॉयच्या वीरांना समकालीन कपडे मिळाले होते. गोव्यात समकालीन गव्हर्नरने प्राचीन विजयाचा वेश घेतला आणि विणकरांनी तो पटावर उतरवला.

जुना ब्रुसेल्सचा पट ओळखायचा असेल तर खालच्या काठाची कड पाहावी. १५२८ च्या नियमाने ठरावीक आकाराहून मोठ्या पटावर लाल ढाल आणि तिच्या दोन्ही बाजूंना रोमन लिपीतील ‘बी’ ही अक्षरे विणणे सक्तीचे झाले, आणि १५४४ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फर्मानाने इतर शहरांनाही आपापली खूण घालणे भाग पडले. अनेक पटांची कड पुढे कापली गेल्यामुळे हा पुरावाही त्याबरोबर गेला. कापणे हे तर सौम्यच म्हणायचे. फ्रान्सिसच्या स्किपिओ संचातील सोने-चांदी परत मिळवण्यासाठी क्रांतीनंतरच्या फ्रेंच सरकारने तो १७९७ मध्ये जाळला. ज्या धातूच्या धाग्याने तो मौल्यवान झाला होता, त्याच धाग्याने त्याचा घात केला. साध्या लोकरीचा असता तर कदाचित एखाद्या कोठारात पडून राहिला असता.

जे उरले आहे त्याला आता उजेड, धूळ आणि स्वतःचे वजन यांच्यापासून जपावे लागते. संग्रहालयांत प्रकाश साधारण ५० लक्सच्या आसपास, म्हणजे संधिप्रकाशासारखा, ठेवतात. लोहयुक्त रंगबंधक वापरून गडद केलेली लोकर आधी कुजते, म्हणून आकृत्यांच्या काळ्या-तपकिरी रेघा सर्वांत आधी गळून पडतात. पट उलटा करून पाहिला तर मागच्या बाजूला, जिथे उजेड पोहोचला नाही तिथे, मूळ लाल आणि हिरवे अजूनही झळाळत असतात. तो रंग पाहिल्यावर पुढची बाजू किती फिकी झाली आहे हे कळते.

इंग्लंडमधील हार्डविक हॉलमध्ये गिडियनच्या युद्धाचे १३ पट आहेत. सर ख्रिस्तोफर हॅटन यांच्यासाठी १५७८ मध्ये विणलेल्या या संचाची उंची सुमारे सहा मीटर आणि एकत्रित लांबी ७० मीटरांहून अधिक आहे. एकेक पट बेल्जियममध्ये नेऊन धुणे आणि इंग्लंडमध्ये परतल्यावर टाके घालून आधार देणे, हे काम २४ वर्षे चालले आणि २०२३ मध्ये पूर्ण झाले. हॅटन यांच्या मृत्यूनंतर हा संच बेस ऑफ हार्डविक या श्रीमंत विधवेने ३२६ पौंडांना विकत घेतला. पटांवर हॅटन घराण्याची चिन्हे होती आणि ती बदलण्याचा खर्च म्हणून तिने पाच पौंडांची सूट मिळवली. मग तिने त्यांच्या ढालींवर आपल्या ढाली रंगवलेल्या कापडाचे तुकडे शिवून घेतले, आणि हॅटन यांच्या चिन्हातील हरिणीच्या डोक्यावर शिंगे रंगवून तिला आपल्या घराण्याच्या चिन्हातील नर हरीण बनवले.